घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर?



पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या काशीदला वारा सुटला की सुरूची झाडं, वाडीतली झुडपं गदागदा हलतात. मग एखादं पिल्लू घरट्यातून खाली पडतं. असंच एका जूनमध्ये पाचवीतला एक मुलगा बुलबुलाचं पिल्लू टोपीत घालून वर्गात घेऊन आला. मला दया आली. मी चमच्याने त्याच्या चोचीत पाणी सोडलं. मधल्या सुट्टीपर्यंत पिल्लू गेलं.

चूक माझी होती. पक्ष्याच्या जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं. वरून ओतलेलं पाणी तिथून थेट फुप्फुसात जाऊ शकतं. पिल्लांना लागणारं पाणी त्यांना आईबापांनी भरवलेल्या ओलसर खाद्यातूनच मिळतं.

मग करायचं काय? आधी पिल्लू नीट बघा.

१) अंगावर पिसं नाहीत किंवा नुसती लव आहे : हे घरट्यातलं बाळ. घरटं जवळ दिसत असेल तर मोठ्यांच्या मदतीने अलगद परत ठेवा. घरटं मोडलं असेल तर लहान टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच झाडाला बांधा आणि लांबून तास-दोन तास लक्ष ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा गैरसमज आहे.

२) पिसं आली आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतं : हे उडायला शिकतंय. आईबाप जवळपासच असतात. त्याला उचलू नका, फक्त मांजर-कुत्रं लांब ठेवा.

३) जखमी किंवा गार पडलेलं : खोक्याला भोकं पाडा, आत मऊ कापड घाला, पिल्लू उबदार आणि अंधाऱ्या जागी ठेवा. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आधी ऊब, मग खाणं, हे लक्षात ठेवा. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. दूध तर नकोच, पक्ष्यांना ते पचत नाही. भातही नको. आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० मध्ये सुगरणीच्या घरट्यांचं बारकाईने निरीक्षण केलं होतं. ही सुगरण स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना किडे भरवते. कारण वाढीला प्रथिनं लागतात.

मदत यायला फारच उशीर होत असेल, पिल्लू उबदार असेल आणि स्वतःहून चोच उघडत असेल, तरच बुलबुल-साळुंकीसारख्या पिल्लाला उकडलेल्या अंड्याचा अगदी लहान, ओलसर कण बोथट काडीने द्यावा. चोच जबरदस्तीने उघडू नये.

आणि हो, पिल्लू पाळायचं नाही हं! रानपक्षी घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय आईबाप दिवसभर खेपा घालून भरवतात, उडायला आणि खाणं शोधायला शिकवतात. ते आपल्याला कुठे जमणार?

उपक्रम : घराजवळचं एक घरटं लांबूनच अर्धा तास बघा. आईबाप किती वेळा खाऊ घेऊन आले, ते वहीत लिहून आणा.