परदेशातले घर, नाशिकमध्ये दाद

परदेश प्रवासाला निघणारी अनेक नाशिककर कुटुंबे आता हॉटेलऐवजी चार-आठ दिवसांसाठी भाड्याचे घर पसंत करतात. आजी-आजोबा व मुले सोबत असली की स्वयंपाकघराची सोय होते, खर्चही आटोक्यात राहतो. मात्र लांबचा प्रवास करून दार उघडावे आणि छायाचित्रातील प्रशस्त दिवाणखाना प्रत्यक्षात जेमतेम दहा बाय बाराचा निघावा, असाही अनुभव येतो.

ही प्रत्येक वेळी फसवणूकच असते असे नाही. विशिष्ट भिंगाने टिपलेली लहान खोली मोठी भासते. ‘स्टुडिओ’ म्हणजे स्वतंत्र शयनगृह नसलेली एकच खोली. युरोपातील जुन्या इमारतींना अनेकदा लिफ्ट नसते. हे तपशील जाहिरातीत असतात. पण छायाचित्रांच्या मोहात वाचायचे राहून जातात.

घर कायदेशीर आहे का, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्यासाठी महापालिकेकडील नोंदणीची सक्ती अमलात आली. बार्सिलोनाने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू न ठेवण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला. नोंदणी नसलेल्या घराचे आरक्षण ऐनवेळी रद्द होण्याचा धोका असतो. त्यामुळे जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का, हे आधी पाहावे.

घर निराशाजनक निघाल्यास पहिले काही तास मोलाचे ठरतात. सामान उघडण्यापूर्वी छायाचित्रे व चित्रफीत घ्यावी. तक्रार दूरध्वनीवर न करता संकेतस्थळाच्याच संदेशपेटीत लेखी नोंदवावी. एअरबीएनबीच्या नियमांनुसार दोष लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावे लागते. सारे दिवस मुकाट्याने काढून परतल्यावर मागितलेली भरपाई सहसा पदरी पडत नाही.

मायदेशी परतल्यावरही मार्ग बंद होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे नाशिककरांना नाशिकमध्येच, तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. भारतीय ग्राहकांना नियमितपणे सेवा देणाऱ्या परदेशी संकेतस्थळांनाही २०२० चे ई-व्यापार नियम लागू आहेत. त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे व महिनाभरात तक्रारीचा निपटारा करणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. अर्थात परदेशातील घरमालकाला नाशिकच्या आयोगापुढे आणणे व्यवहारात अवघड असते. संकेतस्थळाकडे दाद मागणे त्या मानाने सुकर.

पंचवटीत यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या आपल्या तीर्थोपाध्यायांकडे उतरत आले. तेथील नामावळीच्या वह्यांत त्यांच्या आजा-पणजांची नोंद असे आणि त्या ओळखीवर विश्वास टिके. सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी घराशी असे नाते नसते. तेथे पाहुण्याचा खरा आधार म्हणजे त्याने स्वतः वेळेवर केलेली लेखी नोंद.