कानावरचा दाब आणि खिशावरचा भार

१ जुलै १९७९ ला सोनीने जपानमध्ये पहिला वॉकमन विकायला काढला, तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्या निळ्या-चंदेरी यंत्राकडे गेलं. त्या खोक्यातली खरी नवलाई मला त्याच्यासोबतच्या हेडफोनमध्ये दिसते. तोवर चांगल्या हेडफोनचं वजन तीनशे-चारशे ग्रॅम असे. घरी खुर्चीत बसून ऐकायला ते ठीक होतं, पण घालून रस्त्यावर निघणं अवघड. वॉकमनचा हेडफोन जेमतेम पन्नास ग्रॅमचा. पातळ धातूची एक पट्टी, दोन टोकांना स्पंजच्या गाद्या. यंत्र खिशात मावलं, पण माणूस कानात गाणं घेऊन तासभर चालू शकला तो या हलक्या पट्टीमुळे.

या हलकेपणाची वाट आधीच्या दशकात पडली होती. कान पूर्ण झाकायचे आणि बाहेरचा आवाज अडवायचा, ही हेडफोनची जुनी रीत. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायजरने एचडी ४१४ काढला, त्यात मागची बाजू उघडी ठेवली आणि कानावर पिवळ्या स्पंजच्या गाद्या नुसत्या टेकवल्या. हवा खेळती राहिली, कान तापेनासे झाले, आवाजही मोकळा झाला. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या कॉस कंपनीचा पोर्टा प्रो आला. त्यात कानाच्या थोडं वर, कानशिलाशी टेकणाऱ्या आणखी दोन छोट्या गाद्या आहेत आणि शेजारी एक खटका. तो सरकवला की पट्टीचा दाब कानावरून उतरतो आणि वरच्या गाद्यांवर जातो. दाब नेमका कुठे पडतो याचा इतका विचार स्वस्त हेडफोनमध्ये मला फार क्वचित आढळला. चाळीस वर्षं उलटली तरी तोच आराखडा विकला जातो आहे, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

आपल्याकडे वॉकमन आला तो अनेक घरांत आखातातून सुट्टीवर आलेल्या काका-मामांच्या बॅगेतून. कोकणच्या दमट हवेत त्याचा स्पंज टिकत नसे. भुगा होऊन काळे कण कानात आणि केसांत अडकत. पण ही अडचण सुटणारी होती. पुण्याच्या तापकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे स्पंज मिळत. पिनेजवळ वायर तुटली, आणि ती तिथेच तुटायची, तर नवी पिन बसवून मिळे. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. आतल्या बारीक तारांवर एनॅमलचा मुलामा असतो, तो तापलेल्या सोल्डरने आधी जाळावा लागतो, मगच जोड धरतो. ज्याला हे माहीत नसे त्याने जोडलेला हेडफोन आठवड्यात मुका होई. चांगला कारागीर भेटला तर तोच हेडफोन पाच-सहा वर्षं चाले. स्वस्त वस्तू खरोखर स्वस्त पडायची ती अशा दुरुस्तीमुळे, आणि आज वायरचा हेडफोन घेताना मी हाच हिशेब आधी करतो.

नंतर मोबाइल आला. २००२ च्या सुमारास मुंबईत खासगी एफएम केंद्रं सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत रेडिओ असलेले साधे फोन घरोघरी पोहोचले. त्यांना वायर लागायचीच, कारण हँड्सफ्रीची वायर हाच त्यांचा एरियल होता. गाणी स्पीकरवर ऐकायची असली तरी वायर खोचून ठेवावी लागे.

याच काळातला एक घोळ मात्र अनेकांना छळून गेला. माइक असलेल्या पिनेवर चार कप्पे असतात: डावा, उजवा, अर्थ आणि माइक. शेवटच्या दोघांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा एकसारखा नव्हता. एका पद्धतीचा हेडफोन दुसऱ्या पद्धतीच्या फोनला लावला की अर्थचा जोड तुटे आणि डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक तेवढा ऐकू येई. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून नेमका तोच गायब व्हायचा आणि मागचा वाद्यमेळ पोकळपणे वाजत राहायचा. माइकचं बटण दाबून धरलं की गायक परत हजर. हे ठाऊक नसल्याने लोक चांगले हेडफोन खराब समजून दुकानात परत देत. आता बहुतेक फोन एकाच क्रमावर आले आहेत, तरी जुना हेडफोन नव्या फोनवर पोकळ वाजला तर आधी हीच शंका घ्यावी. पिन पुरती आत गेली नसेल तरीही असंच होतं.

२००१ च्या आयपॉडने पांढरी वायर मिरवायची वस्तू केली, हे खरं. ऐकण्याच्या सोयीत फरक पडला तो मात्र सिलिकॉनच्या टोप्यांनी. कानाच्या आत बसणारे इअरफोन स्वस्त झाले तसे लोकलने जाणाऱ्यांना पहिल्यांदा गाडीचा खडखडाट अडवता आला. बाहेरचा आवाज अडला की गाणं कमी आवाजात पुरतं. टोपी नीट बसली नाही तर मात्र खर्ज निसटतो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. खोक्यात लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन जोड्या येतात त्या यासाठीच. कित्येक जण लावून आलेली मधली जोडी तशीच ठेवतात आणि इअरफोनला नावं ठेवतात. दोन कानांना दोन वेगळ्या मापांच्या टोप्याही लागू शकतात.

साधारण २०१५ नंतर आपल्या बाजारात खर्ज फुगवलेल्या स्वस्त इअरफोनची लाट आली. नाचाच्या गाण्यांना ते शोभतात. पण भावगीत किंवा नाट्यगीत लावा, डग्गा फुगतो आणि शब्द मागे पडतात. ज्या संगीताचा जीव शब्दांत आणि स्वराच्या लगावात आहे, त्याच्यावर हा अन्याय आहे असं मी आजही म्हणतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढला. त्याआधी एक-दोन कंपन्यांनी ते केलंच होतं, पण मागोमाग इतरांची रीघ लागली ती आयफोननंतर. वायरचे दिवस संपले असं सगळीकडे म्हटलं जाऊ लागलं. त्याच सुमारास, २०१७ मध्ये, येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्जापासून तारापर्यंतचे स्वर हेडफोन किती प्रमाणात ऐकवतो, याचा किमतीशी काही संबंध त्याला सापडला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. महाग म्हणजे चांगलं वाजणारं, ही समजूत कित्येक मध्यमवर्गीय घरांना विनाकारण खर्चात पाडत आली आहे. २०२२ मध्ये आलेल्या मूनड्रॉप चू सारख्या चिनी इअरफोनने तर दोनेक हजारांच्या आत असा समतोल आवाज दिला, की त्याहून कितीतरी महाग वस्तूंना उत्तर देणं जड जावं.

आवाजाचा प्रश्न असा स्वस्तात सुटत होता, तेव्हाच सोयीचा प्रश्न उघडा पडला. २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत दिसला. मुलांची शाळा, मोठ्यांचं ऑफिस, सगळं हेडफोनवर. वायरलेसची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकी, म्हणून कपाटातले जुने वायरचे हेडफोन बाहेर आले. तेव्हा कळलं की अर्ध्या तासाच्या गाण्याला चालणारा हेडफोन चार तासांच्या वर्गाला चालत नाही. कानावर टेकणारे छोटे हेडफोन वजनाला हलके, पण कानाची कूर्चा डोक्यावर दाबतात, आणि चष्मा असेल तर त्याची काडी मध्ये सापडते. कान आत सामावून घेणारे मोठे पॅड दाब आजूबाजूच्या हाडावर नेतात, पण आपल्या उन्हाळ्यात आत घाम साचतो. नकली चामड्याचं आवरण दमट हवेत दोन-तीन वर्षांत सोलायला लागतं. कापडी किंवा मखमली पॅड त्या मानाने सोसवतात, थोडा बाहेरचा आवाज आत येतो एवढंच.

म्हणून रोजच्या वापरासाठी कुणी विचारलं तर मी आधी वजन विचारतो. अडीचशे ग्रॅमच्या आत असलं तर मान कुरकुरत नाही. मग पॅड सुटे मिळतात का ते बघायचं. १९९१ पासून विकला जाणारा सोनीचा एमडीआर-७५०६ अजून स्टुडिओंत दिसतो, त्याचं एक कारण हेच की त्याचे पॅड बदलता येतात. वायर हेडफोनपासून सुटी होणारी असली तर फारच उत्तम, कारण सगळ्यात आधी तीच मरते. फोनवर ऐकायचं तर १६ ते ३२ ओहमचा हेडफोन सहज वाजतो. आणि जॅक नसलेल्या फोनसाठी टाइप-सीचं जोडटोक घेताना त्यात स्वतःची चिप आहे का ते दुकानदाराला विचारावं. चिप नसलेलं टोक काही फोनमध्ये अजिबात चालत नाही.

रियाज करणाऱ्यांना तर मी वायरच सांगतो. तानपुऱ्याचं ॲप लावून स्वतःचा आवाज माइकमधून परत ऐकायचा असला, की ब्लूटूथचा क्षणभराचा उशीरही गाणाऱ्याला चुकवतो. आवाज किती ठेवायचा याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. त्याहून मोठा ठेवला की तास झपाट्याने कमी होतात. रस्त्याच्या गोंगाटात उघड्या हेडफोनवर ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही, तेव्हा प्रवासात बंद पाठीचा किंवा कानात बसणारा, आणि उघडा घरासाठी.

खोक्यावर आजही ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, ४० मिलिमीटरचा की ५० चा हे ठळक छापतात. त्यावरून कानाला काय सोसेल याचा काहीच अंदाज येत नाही. पॅडच्या आत कानाला किती जागा आहे, पट्टी डोक्याला किती जोराने आवळते, सुटे पॅड किती वर्षं मिळतील, हे आकडे तिथे छापले जावेत अशी माझी मागणी आहे. ते छापले जाईपर्यंत दुकानात चष्म्यासकट हेडफोन घालून पंधरा मिनिटं तरी उभं राहावं, आणि दुकानदार घाई करू लागला तर दुसरं दुकान बघावं.