श्रमिकांच्या श्वासमार्गातील दैनिक चढउतार

पुणे शहराच्या पूर्वेस मांजरी येथे १९७५ साली स्थापन झालेली वसंतदादा साखर संस्था व १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ऊस व द्राक्ष ही पिके असंख्य हातांना काम देतात. परंतु त्याबरोबरच चिपाडाची धूळ व गंधकाची भुकटीही श्वासावाटे शरीरात जाऊ शकते. अशा कामावरील प्रौढास दम लागू लागला, तर त्याचे मूळ कामात आहे की अन्यत्र, हा प्रश्न निदानाइतकाच उपजीविकेचाही असतो. दुपारी घेतलेल्या एकाच मोजणीवरून त्याचे उत्तर देणे मात्र धोक्याचे होय.

निरोगी माणसाचाही श्वासमार्ग दिवसभर सारखा रुंद नसतो. दिवसा काम व रात्री झोप असा क्रम असल्यास तो पहाटे चारच्या सुमारास सर्वांत अरुंद व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत रुंद असतो. रात्री रक्तातील कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रेनलीन यांचे प्रमाण घटते आणि प्राणेशा मज्जातंतूचा प्रभाव वाढतो, ही त्याची प्रमुख कारणे होत. हेट्झेल व क्लार्क यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा चढउतार निरोगी व्यक्तींत सरासरी सुमारे ८ टक्के, तर दमेकऱ्यांत सुमारे ५१ टक्के आढळला.

ही मोजणी राइट यांनी १९५९ साली पुढे आणलेल्या उच्छ्वासवेगमापकाने सुलभ झाली. दिवसातील उच्चतम व नीचतम वेगांमधील फरकास त्यांच्या सरासरीने भागतात. सकाळी ३२० व सायंकाळी ४०० लिटर प्रतिमिनिट वेग असल्यास फरक ८० व सरासरी ३६०, म्हणजेच चढउतार सुमारे २२ टक्के होतो. एकदोन आठवड्यांची सरासरी प्रौढांत १० टक्क्यांहून अधिक असल्यास दम्याचा संशय बळावतो.

या चढउताराशी श्वासमार्गाची संवेदनशीलता निगडित आहे. मेथॅकोलीनची मात्रा क्रमाने वाढवीत पहिल्या सेकंदातील उच्छ्वास २० टक्क्यांनी घटविणारी मात्रा शोधतात. ती जितकी अल्प, तितकी संवेदनशीलता अधिक. काम सुटल्यावर ही संवेदनशीलता काही आठवड्यांत ओसरू शकते. म्हणून रजेनंतरची निर्दोष चाचणी कामाला निर्दोष ठरवीत नाही.

यास्तव कामावरील दोन व रजेतील दोन आठवडे, दिवसातून किमान चार वेळा मोजणी करून दोन्ही काळांची तुलना करावी. रात्रपाळीत हा लयक्रम झोपेच्या वेळेबरोबर सरकतो. तेव्हा घड्याळापेक्षा जागे झाल्यापासूनचे तास महत्त्वाचे ठरतात.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. बुरशी आलेल्या चिपाडाच्या धुळीने होणारा बगॅसोसिस हा विकार मुख्यतः वायुकोशांचा असल्याने या मापकास चकवू शकतो. कामानंतर काही तासांनी ताप व धाप आल्यास छातीची क्ष-किरण तपासणी अवश्य करावी. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत या विकाराचा समावेश होता. तेव्हा काळजीपूर्वक ठेवलेली नोंद हीच श्रमिकाची साक्ष ठरते.