फटफटीच्या शर्यतींचा हंगाम

आपल्याकडे शंकरपट भरला की निकाल त्याच दिवशी लागतो. जोडी पहिली आली, गुलाल उधळला, की लोक आपापल्या घरी. मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतींचे तसे नाही. तेथे निकालाला आठ महिने लागतात. मार्चमध्ये पहिली शर्यत, नोव्हेंबरात शेवटची. मधल्या काळात स्वार आणि यंत्रे देशोदेशी हिंडतात, आणि जागोजागी मिळालेले गुण एकाच खात्यावर जमा होत जातात. या वर्षभराच्या स्पर्धेतील सर्वांत वरच्या वर्गाला ‘मोटोजीपी’ म्हणतात.

आता ही फटफटी कसली, ते पाहू. ती दुकानात मिळत नाही. केवळ शर्यतीसाठी घडवलेली असते. २०२३ साली इटलीतील मुजेल्लो येथे अशा एका गाडीने ताशी ३६६ किलोमीटरचा वेग गाठला. पण सरळ रस्त्यावरचा वेग हा खरा कस नव्हे. खरा कस वळणावर. गोफण फिरवताना दगड बाहेर पळू पाहतो आणि दोरी त्याला आत ओढून धरते, हे आपल्याला ठाऊक आहे. वळणावर दोरीचे हे काम टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण करते. स्वार आत कलला नाही तर गाडी बाहेरच्या अंगाला उलथेल. म्हणून तो उभ्या रेषेपासून साठ अंशांहूनही अधिक कलतो, गुडघाच काय, कोपरदेखील जमिनीला घासते. त्या क्षणी सारा भार टायरच्या तळहाताएवढ्या भागावर असतो. तेथे मूठभर वाळू आली की संपले!

मग असा खेळ सुरक्षित कसा? एके काळी तो नव्हताच. ही जागतिक स्पर्धा १९४९ साली सुरू झाली, तेव्हा पुष्कळशा शर्यती नेहमीच्या वाहतुकीच्या रस्त्यांवरच होत. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामध्ये ‘आइल ऑफ मॅन’ नावाचे बेट आहे. तेथे १९०७ पासून शर्यती होतात. डोंगरातून जाणारा तेथला एक फेरा सुमारे ६० किलोमीटरचा. म्हणजे नळदुर्गहून निघावे, सोलापूर मागे टाकावे आणि तरीही पुढे जातच राहावे, एवढा! आजचे स्वार तो १७ मिनिटांच्या आत पुरा करतात. दोन्ही बाजूंना घरे, दगडी कुंपणे, दिव्यांचे खांब. पडणाऱ्याला घसरत जायलाही जागा नाही. १९७२ मध्ये तेथे इटलीचा स्वार पार्लोत्ती मरण पावला, आणि त्याचा मित्र आगोस्तिनी, जो त्या काळचा सर्वश्रेष्ठ स्वार होता, त्याने तेथे पुन्हा उतरण्यास साफ नकार दिला. इतरही नामवंत फिरकेनासे झाले. अखेर १९७६ नंतर ते बेट जागतिक स्पर्धेतून वगळले गेले. बेटावरील शर्यत वेगळी म्हणून आजही चालते, आणि माणसे आजही मरतात.

जागतिक स्पर्धा मात्र बंदिस्त धावमार्गावर आली. तेथे सारे एकाच दिशेने धावतात. वळणाबाहेर खडीची मोकळी पटांगणे असतात. अंगात जाड चामड्याचा पोशाख, त्यात पडताच फुगणारी हवेची पिशवी. ती २०१८ पासून सक्तीची आहे. आपल्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर यातले काय आहे? समोरून उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही, आणि आपल्या पोराच्या डोक्यावर साधे शिरस्त्राणही नाही. चित्रात पाहिलेले कलणे तो तेथे करून पाहतो. गुरुजनांनी वर्गात हा फरक अवश्य सांगावा.

आता गुणांकडे वळू. रविवारच्या मुख्य शर्यतीत पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, असे करीत पंधराव्याला १ गुण. २०२३ पासून शनिवारी निम्म्या अंतराची छोटी शर्यतही होते. तिच्यात पहिल्याला १२, दुसऱ्याला ९. पडला त्याला शून्य.

त्या २०२३ च्या हंगामात झुंज होती इटलीचा फ्रान्चेस्को बान्याया आणि स्पेनचा होर्हे मार्टिन यांची. येथे एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. हे दोघे २०१५ आणि २०१६ साली, धाकट्या ‘मोटो-३’ वर्गात, एकाच संघातून मुंबईच्या महिंद्र कंपनीच्या गाड्यांवर धावत होते. २६ जून २०१६ रोजी हॉलंडमधील आसेन येथे बान्यायाने महिंद्रला पहिला जागतिक विजय मिळवून दिला. कंपनीने २०१७ नंतर हा खेळ सोडला; पोरे मात्र पुढे गेली.

सप्टेंबर २०२३ मध्ये दोघे दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडाला आले, तेव्हा बान्याया ३६ गुणांनी पुढे होता. शनिवारी मार्टिन पहिला, बान्याया दुसरा: अंतर ३३. रविवारी उष्मा इतका, की २४ फेऱ्यांच्या २१ कराव्या लागल्या. मार्टिन दुसरा आला आणि उतरताच गळून गेला. बान्याया पडला. वजाबाकी करा: उरले १३. पुढे इंडोनेशियात शनिवारी मार्टिनने आघाडीच घेतली, आणि रविवारी सर्वांच्या पुढे असताना तोच घसरला! शेवटच्या दिवशी स्पेनमध्ये तो पुन्हा पडला, आणि बान्याया ४६७ विरुद्ध ४२८ गुणांनी जगज्जेता झाला.

भारतातील २०२४ ची शर्यत रद्द झाली. पण त्या वर्षाचा हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे. रविवारच्या २० शर्यतींपैकी बान्यायाने ११ जिंकल्या, मार्टिनने फक्त ३. विद्यार्थ्यांना विचारा, जगज्जेता कोण? सारा वर्ग बान्यायाचे नाव घेईल. प्रत्यक्षात मार्टिनचे गुण झाले ५०८ आणि बान्यायाचे ४९८. जिंकता येत नव्हते तेथे मार्टिन दुसरा किंवा तिसरा येत राहिला होता. बान्याया मात्र पुष्कळदा पडला होता, आणि पडला त्याला शून्य.