कप वेगळा, ब्लेड मात्र तेच!

'कावीळ' या शब्दाला आपण भलतंच राबवून घेतो. डोळे पिवळे झाले? कावीळ. भूक मेली, लघवी गडद झाली? कावीळ. लॅबच्या रिपोर्टवर 'हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह' छापून आलं? तीही कावीळच! मग पुढचं सगळं ओघानं येतं. आई हळद आणि तेल बंद करते, शेजारच्या काकू उसाचा रस पाठवतात आणि कुठलासा मामा कावीळ 'उतरवणाऱ्या' बाबांचा पत्ता देतो. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. काय कूल ट्रीटमेंट आहे ना!

गंमत म्हणजे अनेकांना या बाबांचा 'गुण' येतोही. कारण ज्या काविळीसाठी आपण बाबांकडे पळतो, ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच बरी होणारी असते. क्रेडिट बाबांना.

पण कावीळ हा मुळात आजारच नाही, ते लक्षण आहे. लिव्हर बिघडलं की रक्तातलं बिलिरुबिन वाढतं आणि डोळे पिवळे दिसतात. लिव्हर बिघडवणारे मुख्य व्हायरस पाच, ए पासून ई पर्यंत. ए आणि ई पोटात जातात दूषित पाण्यातून, अन्नातून. बी, सी आणि डी पसरतात मुख्यतः रक्तातून. (डी ची एक खासियत: ज्याला बी आहे त्यालाच तो होऊ शकतो.) हे दोन पूर्ण वेगळे रस्ते आहेत आणि आपण नेमकी त्यांचीच खिचडी करतो. त्याची किंमत माझ्या एका मैत्रिणीनं मोजली.

ती हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ऑफिसच्या रक्तदान शिबिरात तिनं हौसेनं रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन, 'मॅडम, एकदा येऊन भेटा.' एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे अंगात हिपॅटायटिस बी चा व्हायरस. बाईसाहेब एकदम फिट, दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या. डोळे पांढरेशुभ्र. तिनं विश्वासानं शेजारच्या डेस्कवरच्या कलीगला सांगितलं आणि दोन दिवसांत पँट्रीमधला तिचा कॉफीचा कप वेगळ्या कोपऱ्यात गेला. वाढदिवसाचा केक तिला पेपर प्लेटमध्ये, बाकीच्यांना नेहमीच्या डिशमध्ये. एचआरनं 'फिट टू वर्क' सर्टिफिकेट मागितलं. "अगं, मला काहीच होत नाहीये," ती मला फोनवर म्हणाली, "पण सगळे असे वागतायत, जणू मी आयसीयूमधून थेट मीटिंगला आलेय."

ही भीती हिपॅटायटिस ए किंवा ई च्या बाबतीत थोडीफार तरी समजण्यासारखी आहे. पाण्याच्या पाइपलाइनमध्ये सांडपाणी मिसळलं की काय होतं, हे इचलकरंजीनं २०१२ च्या उन्हाळ्यात बघितलंय. तिथे काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. ई गरोदर बायकांसाठी तर फारच वाईट, विशेषतः शेवटच्या तिमाहीत. पण इथेही आपला हिशोब चुकतो. काल खाल्लेल्या पाणीपुरीनं आज कावीळ होत नाही! व्हायरस पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, ई ला कधी त्याहून जास्त. तेव्हा कोपऱ्यावरच्या भैयाला शिव्या देण्याआधी गेल्या महिन्याचं कॅलेंडर काढा.

बी चं सगळंच निराळं. तो रक्तातून, असुरक्षित सेक्समधून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. कप, ताट, कीबोर्ड, हस्तांदोलन, मिठी, शिंक, टॉयलेट सीट, डास... यांतल्या कशानंही तो होत नाही. केकच्या डिशनं तर नाहीच नाही. मात्र शरीराबाहेर सांडलेल्या, वाळलेल्या रक्तातसुद्धा हा व्हायरस किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. आता हे वाक्य डोक्यात ठेवून त्याच ऑफिसातल्या मंडळींकडे बघा. लोणावळ्याच्या ट्रिपला चार जणांत एकच रेझर. जत्रेत टोचून घेतलेला टॅटू, सुई कुणाची ते देव जाणे. पेडिक्युअरची तीच कात्री आज दहाव्या पायाला. सलूनमध्ये 'नवं ब्लेड घाला हो' म्हणायला लाज वाटते, पण कप वेगळा ठेवायला वाटत नाही!

सुई काय करू शकते, ते गुजरातमधल्या मोडासा गावानं २००९ मध्ये दाखवलं. दवाखान्यांत वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यानं बी ची साथ पसरली आणि कित्येकांचे जीव गेले. आणि 'कुली'? १९८२ च्या त्या अपघातानंतर अमिताभला ज्या अनेकांचं रक्त चढवलं, त्यातून आपल्याला बी झाला, लिव्हरचा ७५ टक्के भाग निकामी झाला, हे त्यानं स्वतःच जाहीरपणे सांगितलंय. कळलं ते खूप वर्षांनी. तरी पठ्ठ्या अजून कामावर आहे. त्याचा कप कुणी वेगळा ठेवला असेल असं मला वाटत नाही.

खरा ताप मात्र कपाच्या पुढे सुरू होतो. 'म्हणजे ही कुणाबरोबर...?' हा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, पण पँट्रीत तो फिरतो. मला सगळ्यात राग याचा आला. कारण मोठेपणी बी ची लागण झाली, तर शंभरातले पंचाण्णव जण व्हायरसला स्वतःहून हाकलून लावतात. जन्माच्या वेळी लागण झाली, तर मात्र दहातल्या नऊ बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो. म्हणूनच वर्षानुवर्षं व्हायरस घेऊन वावरणारे बरेच जण तो जन्मापासून किंवा लहानपणापासून घेऊन आलेले असतात. डॉक्टरांनी मैत्रिणीच्या घरच्यांची टेस्ट करायला सांगितली. आई पॉझिटिव्ह निघाली. वय साठ, आजवर एक दिवस कावीळ नाही.

लग्नाचं काय, हे टेन्शन आईला तिच्याहून जास्त. पण उत्तर सोपं आहे: जोडीदारानं लस घ्यायची. मूल झालं तर जन्मल्यावर २४ तासांच्या आत त्याला लसीचा पहिला डोस आणि डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन द्यायचं. मग अंगावर पाजायलाही हरकत नसते.

ट्रीटमेंटबद्दलही अफवाच फार. बी पूर्ण जात नाही म्हणावं तर चालेल, पण रोजच्या गोळीनं तो दबून राहतो आणि ती गोळीही सगळ्यांना लागत नाही. मैत्रिणीला सध्या फक्त दर सहा महिन्यांनी तपासणी आहे. दारूला मात्र रामराम. सी ची लस नाही, पण साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक चक्क बरे होतात. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर बी आणि सी ची तपासणी, औषधं मोफत आहेत. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात बी असलेले जवळपास तीन कोटी लोक होते. त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नाही. कारण डोळे पिवळे होत नाहीत ना!

आता तुमची बारी. सरकारी लसीकरणात बी ची लस देशभर पोचायला २०११ च्या आसपासचं साल उजाडलं. म्हणजे नव्वदच्या दशकात जन्मलेल्या आपल्यापैकी अनेकांना ती मिळालीच नसेल. आईला विचारा, जुनं लसीचं कार्ड शोधा. नसेल तर आधी टेस्ट करा आणि निगेटिव्ह आलात तर तीन डोस घ्या: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी.

मैत्रिणीच्या डॉक्टरांनी एचआरला एका ओळीचं सर्टिफिकेट दिलं, डेस्क जॉबला काहीही अडचण नाही म्हणून. तिच्या टीममधल्या तिघांनी नंतर गुपचूप तिलाच विचारलं, टेस्ट कुठे करतात? तिनं लॅबचा पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं, 'उपाशी जायची गरज नाही. चहा पिऊन गेलात तरी चालतं.'