चेहरा न दाखवता घरातलं आजारपण आणि व्यसन फोटोतून सांगता येतं का? समजून घ्या स्टिल लाईफ फोटोग्राफी

गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्सनी भरलेला चहाचा जुना डबा. माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेली चपटी. रात्रीचे अकरा वाजले तरी ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट.

या तीन वस्तूंचे तीन फोटो एका ओळीत ठेवून बघा. त्यात माणूस नाही, नाव नाही, हॉस्पिटलचा बेड नाही. तरी त्या घरात काय चाललंय याचा अंदाज येतो. ज्यांच्या घरात हे घडलंय, त्यांना तर एका नजरेत कळतं.

आजारपण आणि व्यसन या दोन्ही गोष्टी अख्खं कुटुंब भोगतं, पण बोलत कुणीच नाही. बोलायचं ठरवलं तरी एक अडचण असते. गोष्ट तुमची असली तरी आजार वडिलांचा, आईचा किंवा भावाचा असतो. त्यांचा फोटो जगासमोर ठेवायचा अधिकार तुम्हाला आहे का? अनेक फोटोग्राफर्सनी या अडचणीतून वाट काढली ती वस्तूंच्या मदतीने.

स्टिल लाईफ म्हणजे नेमकं काय?

शाळेत असताना एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची चित्रकलेची परीक्षा दिली असेल, तर तुम्ही हे केलेलं आहे. तांब्या, बादली, दोन वांगी आणि मागे चुण्या पडलेलं कापड. आपल्याकडे याला स्थिरचित्र म्हणतात. हलत नसलेल्या वस्तू मांडायच्या आणि त्यांचं चित्र किंवा फोटो काढायचा, इतकी साधी व्याख्या.

पण या वस्तू कधीच नुसत्या वस्तू नव्हत्या. सतराव्या शतकात नेदरलँड्समधले चित्रकार टेबलावर कवटी, विझलेली मेणबत्ती आणि कलंडलेला पेला मांडायचे. आयुष्य क्षणभंगुर आहे हे त्यातून सांगायचं असे. फोटोग्राफी आल्यावर ही परंपरा कॅमेऱ्याकडे आली. अमेरिकन फोटोग्राफर अर्विंग पेन फॅशनच्या फोटोंसाठी जगभर प्रसिद्ध होता. त्याने १९७२ मध्ये रस्त्यावर पडलेली सिगारेटची थोटकं उचलून आणली आणि त्यांचे मोठाले फोटो काढले. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते लागले. चुरगळलेल्या थोटकावर ओढणाऱ्याचा दाब आणि घाई दिसते, माणूस मात्र कुठेच नसतो.

आईची लिपस्टिक: इशिउची मियाको काय करते?

या विषयावरचं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण जपानचं आहे. इशिउची मियाको ही १९४७ मध्ये जन्मलेली फोटोग्राफर. तिचं आईशी फारसं पटायचं नाही. उतारवयात दोघींचं जरा बोलणं सुरू झालं होतं. आईच्या अंगावर भाजल्याचे जुने व्रण होते, त्यांचे फोटोही इशिउचीने काढले. पण २००० साली आई आजाराने गेली.

मागे राहिल्या कपाटातल्या वस्तू. वापरून झिजलेल्या लिपस्टिक्स, केस अडकलेला कंगवा, दातांची कवळी, आतले कपडे. टाकून देववत नव्हत्या आणि ठेवून करायचं काय तेही कळत नव्हतं. इशिउचीने एकेक वस्तू घेऊन तिचे फोटो काढायला सुरुवात केली. आतल्या कपड्यांमागून उजेड येऊ दिला, त्यामुळे ते त्वचेसारखे दिसू लागले. आधी ती प्रामुख्याने ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायची, पण लिपस्टिकचा लाल रंग त्यात मावेना, म्हणून ती रंगीत फोटोंकडे वळली.

'मदर्स' नावाची ही मालिका २००५ मध्ये व्हेनिस बिनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात लागली. पुढे याच पद्धतीने तिने हिरोशिमाच्या अणुबॉम्बमध्ये बळी गेलेल्यांचे कपडे टिपले. २०१२ मध्ये मेक्सिकोत चित्रकार फ्रिडा काहलोचे औषधोपचाराचे कंबरपट्टे, बूट आणि कपडेही टिपले.

फ्रिडाच्या त्याच घरात त्याआधी मेक्सिकोची ग्रासिएला इतुर्बिदेही गेली होती. फ्रिडाच्या मृत्यूनंतर अनेक दशकं बंद असलेल्या न्हाणीघरात तिने कुबड्या, कंबरपट्टे आणि डेमेरॉल या वेदनाशामक औषधाचे फोटो काढले. आयुष्यभर दुखणं सोसलेली बाई वेदनाशामकांवर कशी अवलंबून होत गेली, हे ती खोली सांगते. आजार आणि व्यसन किती जवळजवळ राहतात, हे समजायला तेवढे फोटो पुरेसे आहेत.

मग चेहरा दाखवला तर काय होतं?

दुसरी बाजूही बघू. ब्रिटनच्या रिचर्ड बिलिंगहॅमचे वडील रे दारूच्या पूर्ण आहारी गेले होते. रिचर्ड चित्रकलेचा विद्यार्थी होता आणि चित्रांसाठी संदर्भ म्हणून तो घरातले फोटो काढायचा. १९९६ मध्ये त्या फोटोंचं 'रेज अ लाफ' हे पुस्तक आलं. त्यात वडील पडलेले दिसतात, आई चिडलेली दिसते, घराची अवस्था दिसते.

पुस्तक गाजलं आणि त्यासोबत एक वादही सुरू झाला. मुलाने प्रेमाने काढलेले हे फोटो आहेत, की वडिलांची असहायता विकली गेली? यावर आजही एकमत नाही. एक मात्र नक्की. रेचा चेहरा आता कायमचा 'दारुड्या बापाचा चेहरा' म्हणून जगाकडे आहे. तो परत घेता येत नाही.

भारतात सोहराब हुराने मधला रस्ता शोधला. तो सतरा वर्षांचा असताना, १९९९ मध्ये, त्याच्या आईला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. 'लाइफ इज एल्सव्हेअर' आणि 'लुक इट्स गेटिंग सनी आउटसाइड!!!' या पुस्तकांत आई दिसते, पण फक्त आजारी म्हणून नाही. तिची कुत्री एल्सा दिसते, तिचं हसणं दिसतं आणि घरात येणारा उजेडही दिसतो. रुग्ण ही तिची एकमेव ओळख उरत नाही.

पंचनामा आणि स्टिल लाईफ यात फरक काय?

व्यसन असलेल्या घरातली माणसं नकळत पोलीस होतात. पाण्याच्या पिंपामागे बघ, गाडीची डिकी उघड, पाण्याच्या बाटलीचा वास घे. सापडलेल्या चपटीचा मोबाईलवर फोटो काढून 'हे बघ, खोटं बोलत होतास' म्हणून दाखवायचा. असे फोटो अनेकांच्या गॅलरीत असतील. तो झाला पंचनामा. त्या फोटोत एकच जण असतो, तो म्हणजे आरोपी.

स्टिल लाईफमध्ये फोटो काढणाराही असावा लागतो. म्हणजे लपवलेल्या बाटलीच्या शेजारच्या फोटोत झाकून ठेवलेलं ताट हवं. स्टीलचा पेला हवा, कारण आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही आणि म्हणूनच अनेक घरांत तो वापरला जातो. चुन्याची डबी हवी. सोनं गहाण ठेवल्याची पावती हवी. आजारपणाच्या मालिकेत सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली गोळ्यांची डबी हवी आणि तिच्याबरोबर रात्रभर जागणाऱ्याचा थर्मासही हवा.

आणि त्या माणसाचं बाकीचं आयुष्यही हवं. वडिलांची इस्त्री केलेली पँट, आईचा अर्धवट विणलेला स्वेटर, भावाची हार्मोनियम. व्यसनाआधीही ते माणूस होते आणि आजही आहेत, ही गोष्ट या वस्तूच सांगतात.

एकेका वस्तूपेक्षा त्यांची संख्याही कधी जास्त बोलते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये 'क्रेडल टू ग्रेव्ह' नावाची कलाकृती आहे. एका सरासरी पुरुषाला आणि एका सरासरी बाईला आयुष्यभरात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या दोन लांबलचक जाळीदार कापडांत विणल्या आहेत. प्रत्येकात १४ हजारांहून जास्त गोळ्या. त्या कापडाच्या कडेने चालत जाताना एका आयुष्याची लांबी कळते. घरी हेच साध्या पद्धतीने करता येईल. दर रविवारी त्या आठवड्यातल्या रिकाम्या स्ट्रिप्स एकाच चादरीवर, एकाच जागी मांडून फोटो काढा. सहा महिन्यांनी ते सगळे शेजारी लावून बघा.

फोटो काढायचाय, तर मोबाईल पुरेसा आहे का?

हो. या कामात महागड्या कॅमेऱ्यापेक्षा उजेड महत्त्वाचा.

• खिडकीजवळ मांडा. ट्यूबलाईट बंद करा. ऊन थेट येत असेल तर खिडकीला बटर पेपर किंवा पांढरी ओढणी लावा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा किंवा पांढऱ्या कार्डशीटचा तुकडा उभा केला की सावली मऊ होते.

• फ्लॅश नको. गोळ्यांची स्ट्रिप आणि काच चमकते. वस्तू थोडी फिरवून बघा, चकाकी जाते.

• थोडं लांबून झूम करा. अगदी जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलं की पेला वाकडा दिसतो.

• पार्श्वभूमी एकच ठेवा. तीच फरशी, तोच ओटा. मालिका म्हणून बघताना वस्तूंमधला बदल लगेच दिसतो.

एक धोका लक्षात ठेवा. बाटलीमागून सोनेरी उजेड टाकला की दारू चमकायला लागते. जाहिरातीत हेच करतात. तुमचा फोटो सुंदर येईल, पण सांगायचं होतं त्याच्या बरोबर उलटं सांगेल. शिवाय व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला भरलेला ग्लास किंवा ओळखीची बाटली बघूनही तलफ येऊ शकते. तुमचा फोटो असा एखादा माणूस रात्री एकटा बघत असेल. त्यामुळे रिकामी, धूळ बसलेली, बाजूला पडलेली बाटली निवडा.

चेहरा नाही, मग परवानगी कशाला?

इथेच जास्त गफलत होते. चेहरा नसला तरी ओळख पटते. घराच्या फरशीवरून शेजारी ओळखतात, स्वेटरवरून आत्या ओळखते. म्हणून आधी विचारा. माणूस शुद्धीत आणि शांत असताना विचारा. प्यायलेल्या अवस्थेतला होकार हा होकार नसतो. फोटो दाखवा, कुठे टाकणार ते सांगा. 'घरात ठेव, बाहेर नको' हेही एक पूर्ण उत्तर आहे. माणूस हयात नसेल, तर घरातल्या बाकीच्यांना विचारा, कारण पोस्टनंतर लोकांचे फोन त्यांनाही येणार आहेत.

कायदाही याच दिशेने बोलतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. तुमची प्रत्येक घरगुती पोस्ट या कलमात बसेलच असं नाही, पण यामागचं तत्त्व घरालाही लागू पडतं. माहिती ज्याची, निर्णय त्याचा.

पोस्ट करण्याआधी हे तपासा:

• प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड आणि फाईलवरचं नाव, नंबर, बारकोड दिसतोय का? मोबाईलच्या हायलायटरने खोडलेलं ब्राइटनेस वाढवल्यावर पुन्हा वाचता येऊ शकतं. त्यापेक्षा फोटो काढतानाच त्यावर दुसरी वस्तू ठेवा.

• कॅमेऱ्याचं लोकेशन बंद आहे का? व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोसोबत लोकेशन जाऊ शकतं.

• औषधाचं नाव वाचता येतंय का? बघणारा कुणी तेच औषध स्वतःच्या मनाने घेऊ शकतो.

• कॅप्शनमध्ये तुम्ही त्यांच्याबद्दल बोलताय की स्वतःबद्दल? 'बाबा रोज पितात' यापेक्षा 'मी रोज अकरापर्यंत ताट झाकून ठेवते' हे वाक्य जास्त खरं आहे. ते सांगायचा हक्कही पूर्णपणे तुमचा आहे.

फोटोने व्यसन सुटतं का?

नाही. केंद्र सरकारच्या २०१९ मधल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींहून जास्त लोकांना दारूमुळे होणाऱ्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. ती मदत म्हणजे उपचार. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता उर्फ सुनंदा अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्था हेच काम करतात.

फोटोमुळे होतं ते एवढंच, की घरात जी गोष्ट कुणी उच्चारत नव्हतं ती टेबलावर येते. काही घरांत तेवढ्यानेही पहिलं बोलणं सुरू होतं. कुठलाच फोटो पोस्ट केला नाही तरी चालेल. मोबाईलमधला एखादा पंचनामा डिलीट करून त्याच्या जागी झाकलेल्या ताटाचा फोटो ठेवला, तरी सुरुवात झाली.

मदत हवी असेल तर: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही ठिकाणी रुग्णाचे कुटुंबीयही फोन करू शकतात.