ब्रेक न दाबता मागचं चाक तापतं तेव्हा

मोटारसायकलचा मागचा ब्रेक दाबला की तो तापणारच. गाडी, दोन माणसं आणि मध्ये खताचं पोतं असं अडीचशे किलोचं ओझं ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवलं, तर सुमारे ३५ किलोज्यूल उष्णता दोन्ही ब्रेकमध्ये उतरते. ती पुढच्या काही मिनिटांत वाऱ्याने निघून जाते, त्यात काही बिघाड नाही. बिघाड असतो तो पाय न लावताही ब्रेक घासत राहतो तेव्हा. चाकाच्या घेरावर तीन किलो वजनाइतका विरोध सतत राहिला, तर ६०च्या वेगाला सुमारे ५०० वॅट उष्णता तयार होते. हजार वॅटच्या इस्त्रीच्या निम्मी उष्णता नांदेड सोडल्यापासून अहमदपूर येईपर्यंत अखंड हबमध्ये शिरत राहिली, तर लायनरचा वास येणार, बेअरिंगचं ग्रीस पातळ होणार आणि ऐन गरजेच्या वेळी ब्रेक लागणार नाही.

‘ऊनच तसं आहे’ हे कारण गॅरेजवर सर्रास ऐकू येतं. ते मला मान्य नाही. नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो हे खरं, पण ऊन दोन्ही चाकांना सारखंच लागतं. एकच चाक पोळत असेल तर दोष त्या चाकातच शोधायचा.

त्यासाठी नांदेड-लातूर रस्ता सोयीचा आहे. लोह्याच्या पुढे आठ-दहा किलोमीटर मोकळा टप्पा बघा आणि मागच्या पेडलला पायही न लावता चालवा. थांबायचं झालं तर वेग आपोआप कमी होऊ द्या, शेवटी पुढचा ब्रेक हलकाच वापरा. उतरल्यावर हबला थेट बोट लावू नका. पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र झालं तर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर आहे. मग उष्णता नेमकी कुठे आहे ते पाहा. ड्रमच्या घेराला जास्त असेल तर लायनर घासतोय. एक्सलच्या नटाजवळ जास्त असेल तर आधी बेअरिंगवर संशय घ्यावा.

गाडी खोलण्याआधी पायाची सवय तपासा. पुष्कळ जण उजवा पाय फूटरेस्टवर न ठेवता पेडलवर टेकवून ठेवतात. मागून येणाऱ्या सोबत्याला फक्त तुमच्या ब्रेकच्या दिव्याकडे लक्ष द्यायला सांगा. दिवा मधूनमधून उगाच पेटत असेल तर कारण तिथेच सापडलं. पडल्यामुळे फूटरेस्ट वाकून पेडलला टेकला असेल तरी असंच होतं.

आता ड्रम ब्रेक. आपल्याकडच्या बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांना मागे तोच असतो. पेडल दाबलं की रॉड पुढे ओढला जातो, रॉड आर्मला फिरवतो, आर्मसोबत आतला कॅम फिरतो आणि कॅम दोन्ही ब्रेक शू फाकवून ड्रमवर दाबतो. पाय काढला की स्प्रिंगांनी हे सगळं मागे आणायचं. या साखळीत कुठेतरी एक कडी मागे येत नाही, म्हणून ब्रेक जाम राहतो. ती कडी शोधायची तर पेडलपासून चाकाकडे एकेक जोड मोकळा करत जायचं.

गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि चाक हाताने फिरवा. शूची हलकी सळसळ चालते, पण चाक एक-दोन फेऱ्या तरी सहज फिरायला हवं. मग रॉडच्या टोकाचा अ‍ॅडजस्टर नट पूर्ण ढिला करा. तेवढ्याने चाक मोकळं झालं तर दोष आवळण्यात किंवा पेडलमध्ये आहे. पेडलच्या टोकाला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल हवी, आणि ती माणसं गाडीवर बसलेली असतानाही पाहावी.

इथे एक कारण हमखास नजरेतून सुटतं. चेन ढिली झाली म्हणून ती ताणून घेतली की चाक मागे सरकतं. चाकाबरोबर ब्रेकची प्लेट आणि आर्मही मागे जातात, पण रॉडची लांबी तेवढीच राहते. म्हणजे कोणी नटाला हात न लावताही ब्रेक आवळला जातो. चेन ताणल्यावर पेडलची चाल तपासायलाच हवी. ‘चेन करून आणल्यापासून गाडी ओढत नाही, अ‍ॅव्हरेजही पडलं’ असं कोणी म्हणालं की मी आधी तो नट बघतो.

नट ढिला करूनही चाक मोकळं होत नसेल तर आर्म हाताने मागे ढकला. हाताने ढकलल्यावर मागे गेला आणि चाक सुटलं, तर कॅमचा दांडा त्याच्या भोकात चिकटतोय. मराठवाड्यात हा दोष पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसतो. सोयाबीनच्या रानातून आलेल्या गाडीच्या आर्मभोवती काळी चिकण माती गच्च बसते, कॅमच्या दांड्याशी शिरते आणि ऊन लागलं की दगडासारखी घट्ट होते. वरून पाण्याचा फवारा मारून ती निघत नाही. कॅम बाहेर काढायचा, दांडा आणि भोक पॉलिश पेपरने साफ करायचं आणि उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. ग्रीस जास्त झालं की तापून लायनरवर उतरतं आणि मग ब्रेकच लागत नाही.

आर्म मागे जाऊनही चाक जड असेल तर चाक उतरवा. लायनर फार झिजला असेल तर कॅमला गरजेपेक्षा जास्त फिरावं लागतं आणि तो मागे यायला कुरकुरतो. आर्मजवळची झिजेची खूण हेच सांगते. शूच्या स्प्रिंगा सैल झाल्या आहेत का, लायनरला काचेसारखी चकाकी आलीय का, ड्रम निळसर पडलाय का, तेही पाहा. चाक फेरीत एकाच जागी अडत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. आतली भुकटी फुंकू नका, हवेचा पाइपही लावू नका; ओल्या फडक्याने टिपून घ्या, ती छातीत जायला नको. पंक्चर काढल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर एक्सलवरची कॉलर उलटी किंवा चुकीच्या बाजूला बसली आहे का बघा. चाक परत बसवताना पेडल दाबून धरूनच एक्सलचा नट आवळा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस असणं सक्तीचं झालं. एकत्रित ब्रेकमध्ये मागच्या पेडलने पुढचा ब्रेकही ओढला जातो, त्यामुळे अशा गाडीची पुढची केबलही तपासायची.

मागे डिस्क असेल तर दोष बहुधा तेलाच्या दाबात किंवा कॅलिपरच्या सरकण्यात असतो. डिस्क ब्रेकला शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा नसतात. पिस्टनभोवतीचं रबरी सील दाबाने थोडं वाकतं आणि दाब सुटला की पिस्टनला केसभर मागे घेतं. त्या केसभर फटीवर सगळं चालतं. मास्टर सिलेंडरमध्ये तेल टाकीत परत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असतं. ते गाळाने बुजलं, किंवा पेडलच्या दांड्याला मोकळी चालच नसल्याने झाकलेलं राहिलं, तर तापून फुगलेल्या तेलाला परतायला वाट नसते. मग तेल पॅड दाबतं, पॅड घासून आणखी तापतात, तेल आणखी फुगतं. सुरुवातीला बरी असलेली गाडी पंधरा-वीस किलोमीटरनंतर जागेवर अडते ती यामुळे. थंड झाली की आपोआप सुटते आणि गॅरेजवर नेईपर्यंत दोष दिसेनासा होतो.

म्हणून चाक अडलेलं असतानाच कॅलिपरचा ब्लीडर, म्हणजे तेल सोडायचा स्क्रू, किंचित सैल करा, वर फडकं धरून, कारण ब्रेकचं तेल रंग खातं आणि ते गरम असतं. चाक सुटलं तर दाब कोंडला होता. पुन्हा असं झालं की या वेळी मास्टर सिलेंडरकडचा जोड सैल करून बघा. तिथे सैल करून चाक सुटलं तर दोष सिलेंडरचा किंवा पेडलच्या चालीचा, नाही सुटलं तर पाइप आतून फुगलेला आहे. ब्लीडर उघडूनही चाक सुटलं नाही तर गंजलेला पिस्टन किंवा सुकलेल्या सरकत्या पिना पाहा. तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच भरा. डॉट ४ प्रकारचं तेल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषून ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते; म्हणून दोन वर्षांत ते बदलावं.

काम झाल्यावर नांदेडहून विष्णुपुरीपर्यंत किंवा लातूरहून औशापर्यंत चक्कर मारा, पुन्हा मागच्या पेडलला न शिवता. थांबल्यावर पुढच्या-मागच्या हबवर पाण्याचे थेंब टाकून पाहा. मागे चर्र झालं, तर नट आणखी ढिला करून वेळ मारून नेऊ नका. ड्रम असेल तर तो पुन्हा उघडा, डिस्क असेल तर कॅलिपर उतरवा.